तारे मोजणारा आणि जखमा बांधणारा

शास्त्रपाठ : स्तोत्र १४७:१-६

एकशे सत्तेचाळिसाव्या स्तोत्रात दोन विधाने अगदी शेजारी शेजारी उभी आहेत. तिसऱ्या वचनात परमेश्वर एखाद्या वैद्यासारखा खाली वाकलेला दिसतो. ज्यांचे अंतःकरण दुःखाने मोडून गेले आहे अशांच्या उशाशी बसून तो त्यांचे घाव बांधत असतो. चौथ्या वचनात तोच परमेश्वर आकाशभर पसरलेल्या ताऱ्यांची मोजदाद करताना दिसतो, आणि त्यांतील एकही तारा त्याच्यापुढे निनावी राहत नाही. एका बाजूला आजाऱ्याची खोली, दुसऱ्या बाजूला आकाशाचा घुमट! आपल्याकडे हे काम असते, तर या दोन गोष्टी आपण दोन निरनिराळ्या स्तोत्रांत ठेवल्या असत्या. पवित्र शास्त्राने त्या एका श्वासात सांगितल्या आहेत. तसे का केले असावे, याचे मनन आपण या लेखात करू. आणि त्यासाठी आजच्या काळात रूढ होत चाललेल्या एका सुटीचे निमित्त घेऊ.

काळोखाच्या शोधात

पूर्वी सुटी म्हटली की समुद्रकिनारा, थंड हवेचे ठिकाण किंवा आजोळ. आता त्यांत एक नवे ठिकाण आले आहे. जेथे रात्री काळोख मिळेल तेथे माणसे मुद्दाम जातात आणि तारे पाहतात. आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट तशी नवी नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालापासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणीत आली आहे, आणि मुंबईचे खगोल मंडळ कर्जतच्या वाटेवरील वांगणी गावी रात्रभर आकाशदर्शनाचे कार्यक्रम करीत आले आहे. परंतु जुन्या वाड्यात मुक्काम करावा, गच्चीवर चटई टाकावी आणि नक्षत्रे ओळखावीत, हा सुटीचा बेत झाला तो अलीकडे. याचे कारण उघड आहे. शहरांतून आकाशच नाहीसे झाले आहे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरील कृत्रिम उजेडाचा जो नकाशा प्रसिद्ध केला, त्यानुसार जगातील एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगा दिसत नाही.

या ओळी मी बालीगंज येथे लिहीत आहे. दक्षिण कोलकात्याचा हा सुखवस्तू भाग. गरियाहाटचा बाजार, राशबिहारी अव्हेन्यूवरील दुकानांच्या रांगा आणि गेल्या काही दशकांत जुन्या बंगल्यांच्या जागी उठलेल्या उंच इमारती. येथे रात्री गच्चीवर जाऊन वर पाहिले, तर हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच तारे दिसतात. बाकीचे आकाश दिव्यांच्या पिवळट धुरकटपणात बुडालेले असते. म्हणून येथील कुटुंबे शनिवार-रविवार जोडून बंगालच्या खेड्यांतील जुन्या राजबाड्यांकडे निघतात. 'राजबाडी' म्हणजे जमीनदाराचा वाडा. १९५३ च्या कायद्याने पश्चिम बंगालमधील जमीनदारी संपुष्टात आली, हे प्रचंड वाडे राखणे वारसांना जड झाले, आणि त्यांतील काहींनी आपल्या खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या.

अशांपैकी एक वाडा हुगळी जिल्ह्यातील इटाचुना या गावी आहे. हावड्याहून वर्धमानकडे जाणाऱ्या लोकल गाडीने दीडएक तासात खन्यान स्थानक येते. तेथून गाव जवळच आहे. मोठे अंगण, खांबांच्या ओळी, लांबच लांब ओसऱ्या आणि वर विस्तीर्ण गच्ची. शहराचा उजेड क्षितिजाला चिकटलेला तेथेही असतोच. तरी बालीगंजच्या मानाने आकाश कितीतरी भरलेले दिसते. हिवाळ्यातील एखाद्या निरभ्र रात्री कृत्तिकांचा पुंजका, मृगाचा चौकोन आणि दक्षिणेला खालच्या अंगाला तेजस्वी अगस्त्य दिसतो, तेव्हा शहरातील मुले गप्प होतात, आणि मोठी माणसेही.

वर पाहिल्यावर काय होते?

अशा ठिकाणी जाणाऱ्यांना अनुभवी निरीक्षक दोन गोष्टी सांगतात. पहिली ही, की घाई करू नका. उजेडातून काळोखात आल्यावर डोळ्यांना तयार होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. आधी काहीच दिसत नाही. मग एकेक तारा उगवल्यासारखा दिसू लागतो. तारे होतेच, आपला डोळा तयार नव्हता. दुसरी गोष्ट ही, की मध्येच पांढरा दिवा लावू नका. मोबाइलच्या पडद्याची एक झळक लागली, की सगळी तयारी वाया जाते आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. प्रार्थनेला बसणाऱ्या कोणत्याही माणसाला या दोन सूचना निराळ्या समजावून सांगण्याची गरज नाही.

डोळा तयार झाला म्हणजे निर्मळ काळोख्या ठिकाणी एका वेळी सुमारे अडीच ते तीन हजार तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्यांच्या पलीकडे किती आहेत? युरोपीय अंतराळ संस्थेच्या 'गाया' या यानाने केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत सुमारे १८० कोटी नोंदी आहेत, आणि तरीही त्या आपल्या आकाशगंगेतील ताऱ्यांचा जेमतेम शेकडा एक-दोन इतका अंश आहेत. त्यांतील बहुतेकांना नाव नाही, केवळ क्रमांक आहे. माणसाने ज्यांना विशेष नावे दिली असे तारे काहीशेच भरतील.

हे ऐकून मनात दोन प्रकारचे विचार येतात. एक म्हणतो, "एवढ्या अफाट विश्वात मी कोण? ज्याच्यापुढे हे कोट्यवधी सूर्य आहेत, त्याला माझ्या घरातील आजारपणाची, माझ्या मुलाच्या रिकाम्या खुर्चीची काय खबर असणार?" दुसरा म्हणतो, "मला त्या ताऱ्यांशी काय करायचे आहे? माझा देव माझ्या अश्रूंपुरता आहे, तेवढे मला पुरे." पहिल्याचा देव मोठा आहे, पण दूर आहे. दुसऱ्याचा देव जवळ आहे, पण लहान आहे. आपण बहुतेक जण आयुष्यभर या दोहोंच्या मध्ये हेलकावे खात असतो. आठव्या स्तोत्राच्या कर्त्यालाही चंद्र-तारे पाहून मनुष्याच्या क्षुद्रतेचा प्रश्न पडला होता. एकशे सत्तेचाळिसावे स्तोत्र त्या प्रश्नाला उत्तर देते, आणि ते उत्तर त्याच्या व्याकरणात आहे.

मेंढपाळाची मोजणी

मूळ इब्री भाषेत या दोन वचनांत 'रोफे' म्हणजे बरे करणारा, 'मेहब्बेश' म्हणजे पट्टी बांधणारा आणि 'मोने' म्हणजे मोजणारा असे तीन शब्द आले आहेत. तिन्ही एकाच घडणीची धातुसाधिते आहेत. ती एकदा घडून गेलेल्या कृत्याविषयी बोलत नाहीत. अखंड चाललेल्या कामाविषयी बोलतात. दोन वचनांच्या मध्ये 'परंतु' नाही, 'शिवाय' नाही, 'आणि' देखील नाही. भाषांतर करणाऱ्याला येथे एखादे जोडणारे अव्यय घालण्याचा मोह होतो. तो आवरावा लागतो. कारण स्तोत्रकर्त्याच्या दृष्टीने ही दोन कामे नाहीतच, एकाच हाताचे एकच काम आहे.

ते एक कसे, हे 'मोने' या शब्दाचा माग घेतला म्हणजे समजते. यिर्मयाच्या तेहतिसाव्या अध्यायात तेराव्या वचनात हाच शब्द पुन्हा भेटतो, आणि तेथे तो मेंढपाळासाठी आहे. संध्याकाळी मेंढरे कोंडवाड्यात शिरताना मोजणाऱ्याच्या हाताखालून एकेक करून जातात. मेंढपाळ का मोजतो? किती मालमत्ता आहे हे कळावे म्हणून मोजणारा धनी असतो. कोण आले नाही हे कळावे म्हणून मोजणारा मेंढपाळ असतो. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायातील सव्विसावे वचन उघडून पाहा. तेथेही परमेश्वर नक्षत्रगणांना मोजून बाहेर आणतो, नावाने बोलावतो, आणि शेवटी संदेष्टा मुद्दाम सांगतो, की त्यांतील एकही उणा पडत नाही. ताऱ्यांची गणती ही वैभवाची जंत्री नव्हे. ती हरवलेल्याच्या शोधाची पहिली पायरी आहे. आता तिसरे आणि चौथे वचन एकमेकांच्या शेजारी का उभे आहेत, हे निराळे सांगायला नको.

हे स्तोत्र कोणी प्रथम गाइले, हेही ध्यानात घ्या. दुसऱ्या वचनात यरुशलेमेची पुन्हा बांधणी आणि इस्राएलातील पांगलेल्यांचे एकत्र येणे यांचा उल्लेख आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांच्या ओठी हे शब्द शोभतात. बाबेल ही आकाशनिरीक्षकांची भूमी. तेथील विद्वान शतकानुशतके मातीच्या विटांवर ग्रहताऱ्यांच्या नोंदी करीत होते, आणि राजे त्यांवरून आपली भवितव्ये ठरवीत होते. त्या बलाढ्य राज्याने ज्यांना नुसत्या संख्येने मोजून नेले, ते लोक परत येऊन म्हणतात, की तारे मोजणारा आमचा देव आहे आणि त्याच्या हातात आमच्या जखमांची पट्टी आहे. हे लहान तोंडी मोठा घास घेणे नव्हे; हा विश्वास आहे.

वाड्याचे दुसरे नाव

आता पुन्हा इटाचुनाच्या गच्चीवर चला. या वाड्याला आसपासचे लोक आणखी एका नावाने ओळखतात : बर्गी डांगा. १७६६ साली कुंडू घराण्याने हा वाडा बांधला असे सांगतात, आणि या घराण्याचे मूळ पुरुष बर्ग्यांबरोबर आलेले मराठे होते, अशी परंपरा आहे. 'बर्गी' हा आपल्याच 'बारगीर' शब्दाचा बंगाली अपभ्रंश. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार.

मराठी वाचकाने हे प्रकरण डोळे उघडे ठेवून वाचले पाहिजे. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून १७५१ पर्यंत चौथाईच्या वसुलीसाठी बंगालवर पुनःपुन्हा चालून गेल्या. त्यांचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर याला १७४४ साली अलीवर्दीखानाने बोलणी करण्यासाठी बोलावून दग्याने मारले. तेव्हा क्रौर्य एकाच बाजूचे होते असे नाही. पण गावे जळाली ती बंगाली शेतकऱ्यांची. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्या धाडींवर 'महाराष्ट्रपुराण' रचले. आपल्या प्रांताचे नाव दुसऱ्या भाषेत असे कोरले गेले. कोलकात्याच्या रहिवाशांनी १७४२ साली भीतीने जो खंदक खणायला घेतला, त्याचे नाव 'मराठा खंदक' पडले. आणि आजही बंगालमधील आया ज्या अंगाईने तान्ह्या मुलांना निजवितात, तिच्यात बर्गी आले म्हणून भय घातलेले आहे. आपल्याकडे बागुलबुवा येतो, तेथे आपण येतो!

त्या गच्चीवर पाहुणा म्हणून उताणे पडलेल्या मराठी माणसाने अगस्त्याकडे पाहावे. तो तारा आपल्यापासून सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे आज जो प्रकाशकिरण डोळ्यांत शिरतो, तो तेथून निघाला तेव्हा पहिली धाडही पडायची होती. आणि खाली गावे जळत होती तेव्हा तो वाटेवर होता. खाली दोन प्रकारची मोजणी चालली होती. स्वार चौथाई मोजत होता, पुढे जमीनदार सारा मोजू लागला. त्या मोजणीत मेलेल्यांची आणि विधवांची कोठे नोंद नव्हती. परंतु त्याच रात्री, त्याच आकाशाखाली, तिसरी एक मोजणी अखंड चालू होती.

बालीगंजचा काळोख

बर्ग्यांच्या काळी बालीगंज हे शहराबाहेरचे खेडेगाव होते. पुढे येथे शहर आले, दिवे आले, आणि तारे गेले. पण एकदा बालीगंजचे आकाश पुन्हा काळे झाले होते. १९४२ च्या डिसेंबरात जपानी विमानांनी कोलकात्यावर बॉम्ब टाकले. शत्रूच्या नजरेस शहर पडू नये म्हणून युद्धकाळात रस्त्यांवरचे दिवे झाकलेले असत. ज्या आकाशासाठी आज पैसे मोजून खेड्यात जावे लागते, ते तेव्हा दारात फुकट होते.

आणि त्याच आकाशाखाली १९४३ साली बंगालचा दुष्काळ आला. खेड्यापाड्यांतून उपाशी माणसे पायी आणि आगगाडीने शहराकडे लोटली आणि पदपथांवर पडली. भात मागण्याचे बळ उरले नव्हते. घरोघरी भाताच्या पेजेसाठी ती टाहो फोडीत. किती मेले? १९४५ साली सरकारी चौकशी आयोगाने सुमारे १५ लाख हा आकडा दिला. पुढे अमर्त्य सेन यांनी केलेल्या अभ्यासात तो सुमारे ३० लाखांवर गेला. वाचकहो, या दोन आकड्यांतील अंतराकडे क्षणभर पाहा. ते अंतर पंधरा लाख जिवंत माणसांचे आहे. प्रत्येकाला आई होती, प्रत्येकाला नाव होते, आणि माणसांच्या वहीत ते धरायचे की नाही याविषयी एकमत नाही.

"तेव्हा तारे मोजणारा देव कोठे होता?" असे कोणी विचारील. तो प्रश्न उद्धट नाही; स्तोत्रांतच तो अनेकदा विचारलेला आहे. त्याचे सोपे उत्तर माझ्यापाशी नाही, आणि जो ते खिशात घेऊन फिरतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. स्तोत्र १४७ एवढेच सांगते, की जो एका ताऱ्यालाही आपल्या गणतीतून निसटू देत नाही, त्याच्या वहीत पंधरा आणि तीस लाखांमधील ती जागा रिकामी नाही. आणि सहाव्या वचनात ते आणखी एक गोष्ट सांगते. हा देव पीडितांना हात देऊन उठवतो आणि दुष्टांना धुळीस मिळवतो. म्हणजे त्याच्या मोजणीत हिशेबही आहे. त्या वर्षी ज्याने धान्य दडवले आणि ज्याने आपल्या ताटातील पेज दारातल्या मुलाला दिली, ते दोघेही त्या मोजणीत आहेत.

त्याच नदीच्या काठी

ज्या लोकलने पाहुणे इटाचुनाला जातात, तीच गाडी वाटेत श्रीरामपूरला थांबते. दोन्ही ठिकाणे एकाच हुगळी जिल्ह्यातील. १८०० साली विल्यम केरी श्रीरामपूरला राहावयास आले. फोर्ट विल्यम कॉलेजात ते बंगाली आणि संस्कृतबरोबर मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथांच्या साहाय्याने त्यांनी मराठीचा अभ्यास केला, १८०५ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत छापून निघाले. १८११ साली मराठी नवा करार आला. आज आपल्या भाषेला ते भाषांतर ओबडधोबड वाटते, पण मूळ झरा तोच.

आता सनांची बेरीज करा. १७५१ साली मराठ्यांच्या स्वाऱ्या थांबल्या. त्यानंतर चौपन्न वर्षांनी, ज्या मुलखाला मराठीचा शब्द ऐकून कापरे भरत असे, त्याच मुलखातून, हुगळीच्याच काठावरून, मराठी माणसाच्या हाती शुभवर्तमान आले. आपण तेथे अग्नी नेला होता. तेथून आपल्याकडे वचन आले. याला पवित्र शास्त्र कृपा म्हणते. आणि ज्या शुभवर्तमानाने हा आरंभ झाला, त्याच्या दुसऱ्याच अध्यायात एका ताऱ्याची कथा आहे. तिच्याकडे आपण शेवटी वळू.

एका कारकुनाची दुर्बीण

तारे पाहणे म्हणजे एका रात्रीचा आनंद नव्हे, हे ज्याने आयुष्याने दाखविले असा एक माणूस बंगालच्या खेड्यात होऊन गेला. राधागोविंद चंद्र (१८७८-१९७५) हे जेसोरजवळच्या बागचर गावचे. प्रवेश परीक्षेत तीनदा अपयश आल्यावर त्यांनी जेसोरच्या सरकारी खजिन्यात साधी नोकरी धरली. दिवसा नाणी मोजावयाची आणि रात्री तारे. १९१२ साली त्यांनी तीन इंची लहानशी दुर्बीण घेतली आणि ज्यांचे तेज कमी-अधिक होत राहते अशा रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी दशकानुदशके केल्या. त्या हजारोंच्या संख्येने अमेरिकेतील निरीक्षकसंघाकडे जात, आणि त्या संघाने त्यांचे काम पाहून त्यांना सहा इंची दुर्बीण वापरावयास धाडली. फाळणीनंतर त्यांना आपले गाव सोडावे लागले. कोलकात्याजवळ बारासात येथे त्यांनी उरलेले दिवस काढले.

या माणसाने काय केले? तेच तेच तारे तो पुनःपुन्हा पाहत राहिला. काल याचे तेज किती होते, आज किती आहे, थोडे मंद झाले काय? एवढाच त्याचा प्रश्न. ख्रिस्ती मंडळीत पाळकाचे, वडिलाचे, शेजाऱ्याचे काम याहून निराळे काय आहे? उपासनेला किती जण आले, हे मोजणे सोपे आहे. मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या बाईचे तेज या महिन्यात का उतरले, हे पाहावयास रोज त्याच दिशेला डोळा लावावा लागतो.

वाड्याच्या दाराबाहेर

येथे आमोस संदेष्टा आपल्याला थांबवतो. आपल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आठव्या वचनात तो कृत्तिका व मृगशीर्ष निर्माण करणाऱ्याचे गुणगान करतो. पण त्या वचनाच्या अलीकडे आणि पलीकडे न्याय पायदळी तुडविणाऱ्यांची आणि गरिबांना लुबाडून चिरेबंदी घरे बांधणाऱ्यांची तो झडती घेतो. चिरेबंदी घराच्या गच्चीवरून नक्षत्रे पाहणाऱ्याला आमोस विचारतो, "खाली वेशीपाशी काय चालले आहे, हेही पाहिलेस ना?"

हा प्रश्न आपल्या सुटीला अगदी लागू आहे. आपल्याला दोन रात्री हवा असलेला काळोख गावकऱ्यांच्या वाट्याला तीनशे पासष्ट रात्री आला, तर तो सुटी राहत नाही. विहिरीवरून परतणाऱ्या स्त्रीला, साप-विंचवाच्या वाटेने घरी येणाऱ्या मुलाला दिवा हवा आहे, आणि तो मागण्याचा तिला-त्याला पूर्ण अधिकार आहे. आपल्या तारकादर्शनासाठी दुसऱ्याच्या अंगणातील दिवा मालवा, असे ख्रिस्ती माणसाने म्हणू नये.

परंतु दिवा आणि तारे यांचे वैर असलेच पाहिजे असे नाही. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्कस्काय इंटरनॅशनल' या संस्थेने राखीव काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून मान्यता दिली. असे हे भारतातील पहिले आणि आशियातील पाचवे उद्यान. यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतून शंभराहून अधिक दिवे बदलले. दिवे काढले नाहीत. त्यांची तोंडे खाली वळविली. आता उजेड पायवाटेवर पडतो आणि आकाश आकाशाला राहते. ज्या नागपूरहून बंगालचे खेडे भीतीने काळवंडविणाऱ्या फौजा निघाल्या, त्याच नागपूरच्या मुलखात आज गावाला उजेड आणि रात्रीला काळोख, दोन्ही राखण्याचा हा प्रयत्न व्हावा, हे मला शुभचिन्ह वाटते. खाली वळविलेला दिवा! स्तोत्र १४७ चा अर्थ याहून थोडक्यात सांगता येणार नाही. वर तारे मोजणारा, आणि खाली वाटसरूच्या पायांपाशी वाकलेला.

ताऱ्यामागून घरापर्यंत

मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातील मागी लोक हे आकाश पाहत पाहत प्रवासास निघालेले पाहुणे. ते प्रथम कोठे गेले? यरुशलेमेत, हेरोदाच्या दरबारी. राजा जन्मला असेल तर वाड्यातच जन्मला असेल, हा हिशेब साहजिकच होता. पण तो राजा तेथे नव्हता. ताऱ्याने त्यांना एका साध्या घरापर्यंत नेले, जेथे एक आई आणि तिचे बाळ होते. आणि मत्तय येथे थांबत नाही. पुढच्याच वचनांत बेथलेहेमातील आयांचा आक्रोश आहे. ताऱ्याचे तेज आणि मोडलेली अंतःकरणे येथेही शेजारी शेजारी आहेत.

तेच बाळ मोठे झाल्यावर नासरेथच्या सभास्थानात उभे राहिले आणि यशयाचा ग्रंथ उघडून एकसष्टाव्या अध्यायापाशी थांबले. त्या अध्यायाच्या पहिल्या वचनात भग्न अंतःकरणांना पट्टी बांधण्याविषयी जे शब्द आहेत, त्यांचे मूळ धातू स्तोत्र १४७:३ मधलेच आहेत. प्रभू येशूने सांगितले, की हा लेख आज पूर्ण झाला आहे. तारे मोजणारा हात देहधारी होऊन आपल्यामध्ये आला, कुष्ठरोग्यांना लागला, आणि शेवटी खिळ्यांनी भेदला गेला. त्या दिवशी भर दुपारी तीन तास अंधार पडला होता. ज्याने कोणाचीही गणना चुकविली नाही, तो स्वतः अपराध्यांत गणला गेला. म्हणून आपण अंधाराला भीत नाही. तो पडतो तेव्हा आपण एकटे नसतो.

प्रिय वाचकहो, तुम्हांला जमेल तेव्हा अशी सुटी अवश्य घ्या. अमावास्येच्या जवळची रात्र निवडा, मुलांना बरोबर न्या, अर्धा तास दिव्याविना बसा. तारे मोजू लागा; शंभराच्या आसपास चूक होईल, दोनशेच्या आसपास तुम्ही थांबाल. जेथे तुम्ही थांबाल, तेथे अब्राहामही थांबला होता. मग मोजणे सोडून द्या आणि नावे घेऊ लागा : घरात जे आजारी आहेत त्यांची, बोलणे तुटले आहे अशा भावाची, मंडळीत बरेच दिवस न दिसलेल्या त्या माणसाची. आणि ज्यांना प्रवास शक्य नाही, जे रुग्णालयाच्या खोलीत किंवा बालीगंजसारख्या उजेडाने भरलेल्या नगरात खिडकीपाशी जागे आहेत, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. तारे दिसत नाहीत म्हणून ते नाहीत असे नाही. आणि त्यांना मोजणारा तुमच्या खिडकीच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही.

प्रार्थना : हे प्रभो, तुझ्या गणतीतून कोणी सुटत नाही. आमच्या भाषेच्या माणसांनी ज्यांना रडविले त्यांचे अश्रू तू मोजलेस, आणि तरी त्यांच्याच भूमीतून तू आम्हांला तुझे वचन दिलेस. आमचा दिवा खाली वळव, म्हणजे तो आमच्या शेजाऱ्याच्या वाटेवर पडेल. आमचे डोळे वर उचल, म्हणजे आम्ही तुझे थोरपण विसरणार नाही. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.